वरून कितव्या थरात? फ्रोमच्या रांजणाचे प्रकरण

११ एप्रिल २०१०. इंग्लंडच्या सॉमरसेट काउंटीत, फ्रोम गावाजवळच्या एका शेतात डेव्ह क्रिस्प मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. यंत्राचा आवाज काही धड येत नव्हता, तरी त्यांनी खणून पाहायचे ठरवले. सुमारे ३५ सेंटिमीटर खाली हात घातला तेव्हा चिकणमातीचा गोळा वर आला आणि त्यात एक बारकेसे रोमन नाणे निघाले. पुन्हा हात घातला, आणखी नाणी. अशी २१ नाणी बाहेर आली आणि त्यांच्याबरोबर खापराचे तुकडे दिसू लागले.

नाणी आणि खापर एकत्र म्हणजे भांडे. भांडे म्हणजे कुणीतरी मुद्दाम पुरून ठेवलेला ऐवज. क्रिस्प यांनी तिथेच हात आवरला, खड्डा पुन्हा मातीने बुजवला आणि हौशी लोकांना सापडलेल्या पुरावस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या अधिकाऱ्यांना कळवले.

पुढे त्या जागी ६० सेंटिमीटर उंचीचा मातीचा रांजण आणि ५२,५०३ नाणी निघाली. नाण्यांचे वजन सुमारे १६० किलो. ब्रिटनमध्ये एकाच भांड्यात सापडलेला हा सर्वात मोठा रोमन नाणेनिधी ठरला आणि बातम्या झाल्या त्या या आकड्यांच्याच. मला मात्र हे प्रकरण आकड्यांसाठी मांडायचे नाही. छंद म्हणून डिटेक्टर चालवणारी माणसे आपल्याला सापडलेल्या वस्तूंची नोंद कशी ठेवतात, कुठे चुकतात आणि नोंदीचा नेमका कोणता भाग नंतर काही केल्या भरून काढता येत नाही, हे सगळे या एका रांजणात पाहायला मिळते.

शेत तेच, निधी दोन

क्रिस्प त्या शेतात सहज म्हणून गेले नव्हते. तिथे त्यांना ६२ सिलिक्वा मिळाल्या होत्या. सिलिक्वा म्हणजे चौथ्या शतकातले पातळ, चांगल्या चांदीचे रोमन नाणे. याच शेतजमिनीत १८६७ साली अशाच १११ सिलिक्वा निघाल्या होत्या. म्हणजे जुना निधी, नांगराने फोडलेला आणि शेतभर पांगवलेला. त्यातले काही उरले आहे का ते पाहत ते फिरत होते.

पांगलेला निधी ही नोंद ठेवणाऱ्याची खरी परीक्षा असते. नाणी एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कोपऱ्यांत सापडतात. त्या दिवशी प्रत्येक नाणे सुटेच वाटते. संध्याकाळी घरी येऊन ती सगळी एका डबीत टाकली आणि वर ‘त्या शेतातली चांदीची नाणी’ असे लिहिले, तर डबीत नाणी उरतात आणि निधी हरवतो. तेच प्रत्येक नाण्याची जागा वेगळी टिपली तर नकाशावर ठिपके पडतात, कुठे दाट तर कुठे विरळ. नांगरट ज्या दिशेने होते त्या दिशेला ठिपके लांबट पसरतात. दाटी जिथे, तिथेच आसपास मूळ भांडे पुरलेले असण्याची शक्यता जास्त.

फ्रोमला यात आणखी एक गाठ होती. रांजणातली नाणी तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत, सिलिक्वा चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. मध्ये साधारण एका शतकाचे अंतर. एकाच शेतात दोन वेगळ्या काळात दोन वेगळ्या माणसांनी पैसा पुरला. ‘रोमन नाणी, अमुक शेत’ एवढीच नोंद असती तर दोन्ही निधी कागदावर एकमेकांत मिसळून गेले असते. शेताचे नाव ही फार ढोबळ खूण आहे, आणि ती टिकतही नाही. कुंपणे काढली जातात, दोन शेतांचे एक होते, मालक बदलला की नावही बदलते.

कायदा काय मागतो

इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट सप्टेंबर १९९७ पासून लागू आहे. एकाच जागी सापडलेली ३०० वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक नाणी, त्यांत सोने-चांदी किमान १० टक्के असेल तर, ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याच्या लेखी खजिना, ठरतात. सोने-चांदी त्याहून कमी असेल तर किमान दहा नाणी लागतात. वस्तू ट्रेझर असू शकते हे लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या स्थानिक न्यायाधिकाऱ्याला, कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे.

फ्रोमच्या बाबतीत ही दहाची अट गमतीदार आहे. रांजणातली बहुतेक नाणी ‘रेडिएट’ प्रकारची, म्हणजे सम्राटाच्या डोक्यावर किरणांचा मुकुट असलेली. मुळात हे चांदीचे नाणे, पण तिसऱ्या शतकात साम्राज्याची तिजोरी आटत गेली तशी त्यातली चांदीही आटली. शेवटी शेवटी तर वर नुसता चांदीचा मुलामा आणि आत तांब्याची भेसळ. धातूच्या हिशेबाने यातली कित्येक नाणी ‘मौल्यवान’ या शब्दाला पात्रही नव्हती. निधी ट्रेझर ठरला तो संख्येच्या जोरावर, आणि त्यासाठी क्रिस्प यांच्या हातात आलेली पहिली २१ नाणीसुद्धा पुरेशी होती.

ट्रेझर न ठरणाऱ्या वस्तू, म्हणजे सुटी नाणी, साध्या धातूच्या बकला आणि अंगठ्या, शिसे, बंदुकीच्या गोळ्या, यांची नोंद करणे ऐच्छिक आहे. त्यासाठीच पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम १९९७ मध्ये सुरू झाली आणि २००३ पर्यंत इंग्लंड-वेल्सभर पोचली. जिल्ह्याजिल्ह्यात नेमलेले ‘फाइंड्स लायझन ऑफिसर’ वस्तू तपासतात, मोजतात, फोटो काढतात, राष्ट्रीय नोंदकोशात टाकतात आणि वस्तू परत देतात. या कोशात आज १५ लाखांहून अधिक वस्तू आहेत आणि त्यांतला फार मोठा वाटा डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांचा आहे. पुरातत्त्वाच्या दुसऱ्या कुठल्याही शाखेत हौशी माणसांनी एवढा कच्चा माल पुरवल्याचे मला तरी आठवत नाही.

क्रिस्प राहायला विल्टशर काउंटीत, शेत सॉमरसेटमध्ये. त्यांनी कळवले ते आपल्या ओळखीच्या विल्टशरच्या अधिकाऱ्यांना, केटी हाइंड्स यांना. तिथून सॉमरसेटच्या ॲना बूथ यांना निरोप गेला. ही ओळख आधीपासून नसती तर खड्डा बुजवून फोन करायचे सुचले असते का, असा प्रश्न मला पडतो. वर्षानुवर्षे साध्या बटणांची आणि घासलेल्या नाण्यांची नोंद करून घेतलेली असली की मोठी गोष्ट सापडते त्या दिवशी कुणाला कळवायचे हे शोधत बसावे लागत नाही.

रांजण जागेवरच रिकामा केला

उत्खनन ॲलन ग्रॅहम या पुरातत्त्वज्ञांनी केले. पहिला प्रश्न होता, रांजण अखंड उचलायचा की तिथेच रिकामा करायचा. एरवी मातीसकट मोठा ठोकळा कापून प्रयोगशाळेत नेणे सर्वात चांगले. पण १६० किलो नाण्यांनी भरलेला, आतल्या आत तडकलेला रांजण उचलणे सोपे नव्हते, आणि उघड्या शेतात तो फार दिवस ठेवणेही धोक्याचे. ग्रॅहम यांनी तो जागेवरच, वरून खाली, थराथराने रिकामा करायचे ठरवले. काम तीन दिवस चालले. प्रत्येक थराची नाणी वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत गेली.

वाचायला हे फारच साधे वाटते. पिशवीवर आकडा लिहिणे यात कसले आले कौशल्य? पण मातीने माखलेली, एकमेकांना चिकटलेली हिरवट नाणी समोर आहेत, त्यातले एकही वाचता येत नाही, आणि तरीही ‘ही वरची, ही त्याखालची’ एवढे तारतम्य तीन दिवस टिकवायचे आहे. कोणत्या थराला पुढे महत्त्व येईल हे त्या क्षणी कोणालाच माहीत नसते. म्हणूनच सगळे थर सारख्याच काळजीने वेगळे ठेवावे लागतात. ‘महत्त्वाचे तेवढे लिहून ठेवतो’ म्हणणारा नोंदकर्ता नेमका इथे फसतो.

७६६ नाणी

ब्रिटिश म्युझियममध्ये नाणी धुऊन, वाळवून, वर्गवारी करून झाल्यावर त्यांत २१ सम्राट आणि तीन सम्राज्ञी निघाल्या. त्यातला एक म्हणजे कॅरॉसियस. रोमन आरमाराचा हा सेनानी २८६ साली बंड करून ब्रिटनचा सम्राट होऊन बसला आणि २९३ मध्ये त्याच्याच अर्थखात्यातल्या अलेक्टसने त्याचा काटा काढला. रांजणात कॅरॉसियसची ७६६ नाणी होती, त्यांतली पाच चांगल्या चांदीची. निधीतली सर्वात उशिराची नाणी हीच.

आता असे समजा की रांजण म्हणजे एखाद्या कुटुंबाची किंवा गावाची वर्षानुवर्षांची बचत. जुनी नाणी तळाशी, नवी वर. कॅरॉसियसची नाणी मग अगदी वरच्या थरात असायला हवीत. पिशव्यांवरचे आकडे जुळवले तेव्हा उलटेच दिसले. त्याची बहुतांश नाणी रांजणाच्या अर्ध्याहून खाली होती, आणि त्यांच्या वरच्या थरांत त्याच्या आधीच्या सम्राटांची जुनी नाणी.

याचा सरळ अर्थ असा की हा रांजण हळूहळू भरत गेलेला नाही. भरताना सगळी नाणी आधीच हाताशी होती आणि ती एकाच प्रसंगी ओतली गेली. मला त्यापुढचे एक पाऊल टाकावेसे वाटते: कॅरॉसियसची नाणी सगळीकडे सारखी न विखुरता एका पट्ट्यात जास्त आहेत, म्हणजे ओतणे एका मोठ्या ढिगातून झालेले नसावे. लहान लहान पिशव्यांतून, कदाचित वेगवेगळ्या जागांहून आलेला पैसा एकामागून एक रिचवला गेला असावा. हा माझा तर्क आहे, पण तो करता येतो हेच थरांच्या नोंदीचे देणे.

क्रिस्प यांनी त्या दिवशी रांजण स्वतःच उपसला असता तर काय झाले असते? नाणी ५२,५०३ च भरली असती. सम्राट तेवढेच, कॅरॉसियसची नाणी तेवढीच. किंमतही फारशी बदलली नसती. संग्रहालयाच्या काचेआड ढीग तसाच दिसला असता. फक्त ‘एकाच प्रसंगी’ हे दोन शब्द लिहिता आले नसते. नाणे धुऊन, तोलून, भिंगाखाली धरून त्यावरचा सम्राट ओळखता येतो. ते वरून कितव्या थरात होते हे नाण्यावर कुठेही कोरलेले नसते.

क्रिस्प यांनी काढलेल्या पहिल्या २१ नाण्यांचे काय? ती रांजणाच्या तोंडाजवळची, एवढे सांगता येते. तेवढेही सांगता येते ते ती २१ वर थांबली म्हणून. ती २१०० झाली असती तर ‘तोंडाजवळची’ या शब्दाला काही अर्थ उरला नसता.

हेतूवरचा वाद

रांजण का पुरला? निधीचा अभ्यास करणारे ब्रिटिश म्युझियमचे रॉजर ब्लँड यांनी तो देवाला वाहिलेला असू शकतो असे सुचवले. त्यांचा मुद्दा असा: एवढ्या वजनाचा, पातळ भिंतींचा रांजण जमिनीतून परत उचलताच येणार नाही. तो आधी खड्ड्यात बसवून मग भरलेला. परत न्यायचा पैसा कोण असा ठेवेल?

मला हा मुद्दा पुरता पटत नाही. रांजण उचलता येत नाही हे खरे, पण नाणी काढायला रांजण उचलावा लागत नाही. ग्रॅहम यांनी तो जागच्या जागी रिकामा केलाच की. पुरणाऱ्यालाही ते जमले असते, आणि त्याला तर थर सांभाळायची गरजही नव्हती. पण एकदम भरलेला रांजण अर्पणाशी जुळतो तसाच तो घाईत लपवलेल्या पैशाशीही जुळतो. ज्याच्याशी जुळत नाही ते म्हणजे घरातल्या गल्ल्यासारखी, वर्षाकाठी थोडी थोडी भर पडत गेलेली बचत. वाद मिटला नाही, पण त्यातली एक बाजू बाद झाली. ती बाद झाली चिठ्ठ्यांमुळे.

रांजण नसतो त्या दिवशी

बहुतेक डिटेक्टरवाल्यांना आयुष्यात रांजण सापडत नाही. सापडतात बटणे, बकला, शिशाचे तुकडे, घासून गुळगुळीत झालेली नाणी आणि डब्यांची झाकणे. तरी या रोजच्या मालाची वही कशी असावी हे फ्रोमच्याच उजेडात नीट कळते, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो.

जागा सगळ्यात आधी. ब्रिटनमध्ये त्यासाठी नॅशनल ग्रिड वापरतात. देश १०० किलोमीटरच्या चौकोनांत वाटलेला, प्रत्येक चौकोनाला दोन अक्षरे. फ्रोम ‘एसटी’ चौकोनात येते. पुढे चार आकडे लिहिले तर एक किलोमीटरचा चौकोन, सहाला १०० मीटर, आठला १० मीटर, दहाला एक मीटर. हौशी माणसाला दहा आकडी संदर्भाचा फार सोस असतो. पण मोकळ्या शेतातही फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असतेच. पाच मीटरची चूक असलेले यंत्र एक मीटरचा आकडा छापते तेव्हा शेवटचे आकडे नुसते शोभेचे असतात. आठ आकडी संदर्भ आणि शेजारी ‘फोनवरून, चूक साधारण पाच मीटर’ अशी कबुली, ही मला जास्त प्रामाणिक नोंद वाटते.

दुसरी खोच कमी लोकांना ठाऊक आहे. फोन अक्षांश-रेखांश देतो ते जागतिक मापनपद्धतीचे. ब्रिटिश नकाशांची जुनी पद्धत वेगळी आहे. एका पद्धतीचे अक्षांश-रेखांश दुसऱ्या पद्धतीचे समजून मांडले तर ठिपका सुमारे १०० मीटर सरकतो, म्हणजे कदाचित कुंपणापलीकडे, दुसऱ्याच्या शेतात. ट्रेझरचे बक्षीस सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले जाते, तेव्हा कुंपणाची कोणती बाजू हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहत नाही. आकडा कोणत्या पद्धतीचा हे वहीच्या पहिल्या पानावर एकदा लिहून ठेवले की पुरते.

खोलीबद्दल गैरसमज फार. नांगरटीच्या मातीत नाणे १० सेंटिमीटरवर होते की १८ वर, याला फारसा अर्थ नसतो, कारण नांगर दरवर्षी ती माती उलटीपालटी करतो. अर्थ असतो तो वस्तू नांगरटीच्या थरात होती की त्याखाली, याला. फ्रोमची ३५ सेंटिमीटर खोली बोलकी आहे ती एवढ्यासाठी. नांगराचा फाळ तिथवर पोचला नाही म्हणून रांजण उभा राहिला आणि आतला क्रम टिकला. इंग्लंड-वेल्समध्ये जबाबदार डिटेक्टिंगची जी आचारसंहिता २००६ मध्ये आली आणि २०१७ मध्ये सुधारली गेली, तिच्यातही नांगरटीखाली काही लागले तर थांबा, असेच सांगितले आहे.

मग वस्तूचा स्वतःचा क्रमांक. वर्ष, शेताची खूण आणि अनुक्रम एवढे पुरे. तोच क्रमांक वहीत, पिशवीवर, पिशवीतल्या चिठ्ठीवर आणि फोटोच्या फाइलच्या नावात. पिशवीवरची शाई पुसते, म्हणून आतली चिठ्ठी. एका पिशवीत एकच वस्तू. फोटो दोन्ही बाजूंचा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि पहिला फोटो वस्तू साफ करण्याआधीचा. ब्रशने घासून चकचकीत केलेल्या तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा थर गेला की त्याच्याबरोबर अक्षरेही जातात, आणि मग ‘बहुधा रोमन’ एवढेच लिहायचे उरते. नाण्याचे वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत घ्यावे. खोटे आणि खरे, पूर्ण आणि कातरलेले, यांचा निवाडा पुष्कळदा त्या दोन दशांश स्थळांत असतो.

यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बरेच जण हौसेने लिहितात. यंत्र बदलले की तो निरर्थक होतो. त्यापेक्षा ‘त्या दिवशी लोखंडाचे आवाज वगळायची यंत्राची सोय चालू होती’ ही ओळ मोलाची. तसे असेल तर वहीत लोखंडी वस्तू नाहीत याचा अर्थ शेतात नाहीत असा होत नाही.

आणि रिकामा दिवस. चार तास फिरलो, शेताचा पूर्वेकडचा तुकडा पूर्ण केला, काही मिळाले नाही. ही ओळ जवळजवळ कोणीच लिहीत नाही. पण ठिपक्यांच्या नकाशावर कोरी जागा दिसते तेव्हा तिथे वस्तू नव्हत्या की तिथे कोणी गेलेच नाही, हे फक्त ही ओळ सांगू शकते. फिरण्याचा मार्ग टिपणारे ॲप फोनवर चालू ठेवले तर न लिहिताही हे काम होते.

राष्ट्रीय नोंदकोशात वस्तू गेली की तिला तिथला वेगळा क्रमांक मिळतो. तो परत येऊन आपल्या वहीत लिहायचा असतो. हे राहून जाते, आणि मग माणसाच्या पश्चात घरच्यांच्या हाती क्रमांक नसलेल्या डब्या आणि डब्या नसलेले क्रमांक पडतात. साधारण १७०० नंतरच्या वस्तू कोशात निवडकच घेतल्या जातात, म्हणजे त्यांच्यापुरती ही वही हीच एकमेव नोंद.

पुसलेले फोटो

फ्रोमनंतर पाच वर्षांनी, जून २०१५ मध्ये, हेरफर्डशर काउंटीत लेमिन्स्टरजवळ दोन डिटेक्टरवाल्यांना व्हायकिंग काळातला निधी सापडला: सोन्याची अंगठी आणि कडे, सोन्यात मढवलेले स्फटिकाचे लोलक, चांदीची लगड आणि सुमारे ३०० असावीत अशी नाणी. कायद्याने कळवायला हवे होते तसे त्यांनी कळवले नाही. नाणी विकायला निघाली. तपासात हाती आली ती जेमतेम तीसच्या आसपास. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

नाण्यांत तेव्हाच्या इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा केओलवुल्फ दुसरा, दोघांच्याही नावाची, शेजारी बसलेल्या दोन सम्राटांचे चित्र असलेली अतिशय दुर्मीळ नाणी होती. वेसेक्सच्या बाजूने लिहिलेल्या बखरीने केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातातला मूर्ख सरदार ठरवले होते. एकाच घडणीची नाणी दोघांच्या नावाने पडत होती म्हणजे त्यांच्यात काही करार होता. तो कधी झाला आणि किती टिकला हे अशाच निधीतून, कोणते नाणे कोणत्या नाण्यासोबत होते यावरून कळते.

निधीच्या मूळ आकाराची कल्पना आली ती शोधणाऱ्यांच्या फोनमधल्या फोटोंवरून. फोटो त्यांनी पुसले होते; पोलिसांनी ते परत मिळवले. म्हणजे या निधीची उपलब्ध असलेली सर्वात पूर्ण नोंद म्हणजे जी कोणी पाहू नये म्हणून नष्ट केली होती ती. त्या फोटोंत ना क्रमांक, ना थर, आणि विकल्या गेलेल्या नाण्यांना ते पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य.

२०१५ च्याच ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ एका डिटेक्टरवाल्याला जवळपास त्याच काळातला, त्याच दोन राजांच्या नाण्यांचा निधी सापडला. त्याने कळवले. निधी मातीच्या ठोकळ्यासकट उचलून प्रयोगशाळेत सोडवला गेला आणि पुढे ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियमने तो विकत घेतला. आल्फ्रेड आणि केओलवुल्फ यांच्याबद्दल आज लिहिताना अभ्यासक भरवशाने ज्याकडे वळतात तो निधी हा.

फ्रोमची फाइल

कोरोनरने फ्रोमचा निधी ट्रेझर ठरवला. मूल्यांकन ३,२०,२५० पौंडांचे झाले. टाँटनच्या म्युझियम ऑफ सॉमरसेटने तो २०११ मध्ये विकत घेतला आणि रक्कम क्रिस्प आणि जमीनमालक यांच्यात वाटली गेली. रांजण आणि नाणी तिथे पाहायला मिळतात.

शेत कोणते, हे मात्र जाहीर केले गेले नाही. रात्री चोरून खणणाऱ्यांना इंग्लंडमध्ये ‘नाइटहॉक’ म्हणतात, आणि प्रसिद्ध निधीच्या शेतात ते हमखास येतात. म्हणून सार्वजनिक नोंदकोशात जागा मुद्दाम ढोबळ, साधारण किलोमीटरभराच्या चौकोनापुरती दाखवली जाते. नेमका आकडा परवानगी असलेल्या अभ्यासकांनाच दिसतो. फ्रोमच्या नोंदीतही असे दोन आकडे आहेत, एक सर्वांसाठी गोल केलेला आणि एक कुलपात. क्रिस्प यांनी त्या रविवारी बुजवलेला खड्डा या दुसऱ्या आकड्यात आहे.